वरच्या मजल्यावरचं सरकार

आमच्या घरमालकांनी सरकार उलथवलं त्या दिवशी मी माहेरी यात्रेला गेले होते. आज हे सांगितलं की ऐकणारे हसतात, मीही हसते, पण आतून माझा अजून जळफळाट होतो. सरकार उलथलं नाही याचं मला काही नाही. त्या कटात आमचे हे होते, मृदंग वाजवणारा एक मिशाळ पहिलवान होता, पाच-पन्नास माणसं होती. ज्या घरात तो कट शिजला त्याच घरात खाली राहून त्या सगळ्यांना चहा करून देणारी मी होते. मला मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

लग्न होऊन मी त्या तालुक्याच्या गावी आले ते नव्वदीच्या सुरुवातीला. हे टेलिफोन खात्यात होते, खांबावर चढणारे. खालच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. मालक वर एकटे राहायचे. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. वय साठीचं, अंगानं काटकुळे, भर वैशाखातही अंगात काळा कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट. बूट घरातसुद्धा काढायचे नाहीत. एकदा मी न राहवून म्हटलं, पायांना जरा वारा लागू द्या, तर म्हणाले, निघायची वेळ आली की नाड्या बांधत बसायला सवड नसते. कुठं निघायचं ते सांगितलं नाही.

त्यांचं गाव आंबेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं खाली पूर्वेकडच्या गावांत, मिळेल त्या तुकड्यावर पांगली. मालक त्या गावाचे शेवटचे सरपंच, पण 'शेवटचे' हा शब्द त्यांना चालत नसे. त्यांचं म्हणणं असं, की सरपंचाची मुदत संपवायची तर निवडणूक घ्यायला पाहिजे, निवडणूक घ्यायची तर गाव पाहिजे, आणि गाव तर समोरच्यांनी बुडवलं. तेव्हा सरपंच तेच. 'समोरचे' म्हणजे सरकार. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं हे सरकारचं नाव घेत नसत. सकाळी पेपर उघडला की विचारायचे, "काय म्हनत्यात समोरचे आज?"

घर भरपाईच्या पैशातून बांधलेलं, पण पंधरा वर्षांत त्याला बाहेरून गिलावा केलेला नव्हता. का, तर हे तात्पुरतं आहे, आपल्याला परत जायचंय. मी अंगणात कढीपत्त्याचं रोप लावायला निघाले तर खाली येऊन हात धरल्यासारखे उभे राहिले. म्हणाले, झाड लावलं की मुक्काम वाढतो. नळाला धरणाचंच पाणी यायचं. पाहुणा आला की तांब्या पुढं करून म्हणायचे, "घ्या, आमच्या गावचं हाय." पाहुण्याला कळायचं नाही यावर काय बोलावं.

असल्या माणसाचं मला कौतुक वाटायला हवं होतं. बाकी सगळ्यांना वाटायचं. मला त्यांचा मत्सर वाटायचा, आणि तो साधासुधा नव्हे. सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. इथं सवत साठीची, टक्कल पडलेली आणि कानात केस असलेली, तर उपटायचं तरी काय? हे ऑफिसातून यायचे, चपला काढायचे, चहा घ्यायचे आणि जिना चढायचे. मग वरून हसण्याचा आवाज यायचा. आमचे हे मोठ्यानं हसतात हे मला लग्नानंतर छतातून कळलं. माझ्यासमोर हा माणूस कधी असा हसला नव्हता. मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची आणि वर खुर्ची सरकली, कुणी टाळी दिली, की मला वाटायचं, ही माझी संध्याकाळ होती, ती त्यांनी नेली.

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. भावाच्या मागं लागून मी माहेरून टीव्ही आणवला. तेव्हा हिंदी मालिका पाहायला अख्खी गल्ली ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी जमायची. म्हटलं, आता बघू कसा वर जातो. हे अँटेना लावायला म्हणून गच्चीवर गेले. मी खिडकीतून ओरडत होते, दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, थोडं डावीकडं. मग पलीकडून उत्तरच येईना. मालिका संपली, बातम्या लागल्या, हे वर मालकांपाशी बसलेले. त्या टीव्हीची अँटेना हलवायला म्हणून हे पुढं वर्षभर दर संध्याकाळी वर जात राहिले.

आणि एक गोष्ट माझ्या मनात कायमची सलली. आमच्याकडे नवी सून दारात दिसली की शेंबडं पोरसुद्धा पहिलं विचारतं, माहेर कुठलं? भाजीवालीनं विचारलं, गिरणीवाल्यानं विचारलं. मालकांनी दोन वर्षांत विचारलं नाही. यांच्या आज्याचं गाव, मामाचं गाव, साडूचं गाव सगळं त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या लेखी चहाची किटली होते. किटलीला कुठं माहेर असतं?

पुढंपुढं वर माणसं यायला लागली. मालकांच्या बुडालेल्या गावची, खाली पांगलेली. कुणी खोडदच्या बाजूचे, कुणी नदीकाठचे, आणि चार-पाच म्हातारे अजून वर डोंगरातच राहिलेले, पाण्याच्या कडेला भात-नाचणी करणारे. सगळे मालकांना 'सरपंच' म्हणायचे. कुणी विचारलं तर भजनी मंडळ आहे असं सांगायचं ठरलेलं. टाळ होते, मृदंग होता. मी चहा घेऊन जिन्यावर पाय ठेवला की बोलणं तुटायचं आणि भजन सुरू व्हायचं, आणि तेही कायम एकच, पहिल्या दोन ओळींच्या पुढं कुणालाच येत नसलेलं. मालकांचा गळा असा की देवानं कान झाकून घेतले असते. लोक चोरून काय काय करतात, पण चोरून उठाव आणि उघड भजन करणारं हे एकच मंडळ मी पाहिलं.

एकदा यांनी मला पांढरं कापड आणून दिलं. मंडळाचं निशाण शिवायचं, म्हणाले, मधून निळा पट्टा घालायचा. निळा कशाला, विचारलं तर म्हणाले, असाच. मी शिवून दिलं. कडेला एकेरी टीप मारली, कारण भजनी मंडळाचं निशाण कुठं वाऱ्यापावसात उभं राहणार होतं? ते तालुका कचेरीवर चढवायचं आहे हे सांगितलं असतं तर मी दुहेरी मारली असती. इतकं तरी कळवायचं.

कट काय होता ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकते. मालकांच्या मते सरकार म्हणजे फार काही नसतं. एक कचेरी, एक खुर्ची, एक टेलिफोन आणि वर एक झेंडा. सकाळी कचेरी उघडली की पन्नास-साठ माणसांनी कामासाठी आल्यासारखं दोघं-तिघं करत आत शिरायचं. घंटा झाली की फाटक लावून घ्यायचं. यांनी खांबावरून फोनची लाइन तोडायची. पहिलवानानं दारात उभं राहायचं. मालकांनी साहेबाच्या खुर्चीत बसून जाहीर करायचं, की आजपासून इथं बुडालेल्या गावाचं राज्य आहे, आणि प्रत्येक उठलेल्या घराला जमीन मिळेपर्यंत धरणाचं पाणी खाली सुटणार नाही. मग पुण्याहून मोठे समोरचे धावत येतील. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मात्र त्यांनी सगळ्यांना देवापुढं शपथ घालून सांगितलं होतं.

हसू नका. मला ते ऐकल्यावर हसू आलं नाही. वर दोन वर्षं एवढं मोठं चाललेलं होतं आणि आमचा माणूस खाली येऊन भेंडीची भाजी गप्प खात होता, याचंच मला जास्त लागलं.

तर तो दिवस. हे म्हणाले, पुण्याला ट्रेनिंग आहे, तू माहेरी यात्रेला जाऊन ये. माझं माहेर खोडदच्या जवळ, शेतात उभं राहिलं की दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या थाळ्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या दिसतात. यात्रेला लेकीबाळींनी माहेरी यायचं हा रिवाज. यात्रेत सगळ्यात पहिलं असतात मांडवडहाळे. देवळापुढच्या मांडवासाठी झाडांचे डहाळे गाड्यांत घालून वाजतगाजत आणायचे. त्या मिरवणुकीत कुणाचा गाडा पुढं आणि कुणाचा मागं यावरून आमच्या गावात भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला चालतो. पुढचा गाडा म्हणजे गावातला पहिला मान.

मी देवळाच्या ओट्यावर बायकांत उभी होते. पहिला गाडा आला. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गुलाल उधळलेला, आणि गाड्यापुढं मृदंग वाजवत कोण, तर आमच्या वरच्या मजल्यावरचा पहिलवान. त्याच्या मागं सगळं भजनी मंडळ. डोक्यांना गुलाबी फेटे. मी ज्यांना दोन वर्षं चहा पाजला ते सगळे चेहरे एका रांगेत.

माझे वडील यात्रा कमिटीत होते. ते शेजारी येऊन खुशीत सांगायला लागले, की यंदा ठरवून पुढचा गाडा धरणवाल्यांना दिला. पंधरा वर्षं आमच्या गावात राहून ती माणसं 'धरणवाले'च राहिली होती. त्यांची वस्ती लांब शिवेला, त्यामुळं लग्नाआधी मी त्यांतल्या कुणाला चेहऱ्यानं ओळखत नव्हते. लग्नात मागच्या पंगतीला, पाण्याच्या पाळीत शेवटाला. बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांची बारी कायम उन्हं उतरल्यावर. वडिलांनीच कमिटीत विषय काढला होता आणि महिनाभर भांडून तो मंजूर करून घेतला होता. मला हे आधीच ठाऊक होतं. होळीला वडील माझ्याकडं आले होते तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं.

पहिलवानानं मला पाहिलं आणि त्याचा हात मृदंगावर थबकला. डहाळे उतरवून झाल्यावर तो देवळाच्या मागच्या बाजूला आला. एवढा दांडगा गडी, पण फेट्याच्या शेवाशी चाळा करत उभा. मी विचारलं, काय झालं?

"वहिनी, कुनाला बोलू नगा," तो म्हणाला. "आज सकाळी कचेरीवर जायाचं व्हतं. सरपंचाला आमी समद्यांनी शबूद दिल्याला. पर पंधरा वरसांनी ह्या गावानं आमाला फुडं केलं. पोरं रातभर गाडा सजवीत व्हती. आमी कुठं जायाचं व्हतं, तुमीच सांगा."

मी म्हटलं, मग सरपंचांना तसं सांगायचं होतं. तो म्हणाला, त्यांच्यापुढं दुसऱ्या गावच्या यात्रेचं नाव काढायची कुणाची छाती नाही. आपला देव पाण्यात बसलेला असताना परक्या देवाचा गुलाल लावता, म्हणून त्यांनी एकाला जिन्यावरून परत धाडला होता. त्यांनी तारीख धरली ती इंग्रजी कॅलेंडरवरून, थंडीतच. यात्रा तिथीवर. तिथी त्या तारखेवर येऊन बसली आणि पन्नास माणसांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ज्याच्या गावाला यात्राच उरलेली नाही त्याच्या घरात तिथी कोण बघणार?

"आणि आमचे हे?" मी विचारलं.

"ते तकडंच. खांबावर."

सरकारी नोकरी, सरकारी लाइन, आणि तोडणारा सरकारी माणूस. तुरुंग, बडतर्फी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या भीतीतही एक ठिणगी वेगळीच होती. पहिलवानाला ठाऊक, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक, मला ट्रेनिंग! मी आईला काहीतरी कारण सांगितलं, वडाप जीपमध्ये दाटीवाटीनं बसले आणि निघाले. यात्रेचं पुरणाचं जेवण तसंच राहिलं.

कचेरीपाशी उतरले तेव्हा दुपार झाली होती. पोलिसांची गाडी नाही, गर्दी नाही. फाटक सताड उघडं. कोपऱ्यावरच्या खांबाला कमरेचा पट्टा अडकवून हे वर लोंबकळत होते. मी खाली उभी राहिले.

"काय करताय?"

"लाइन दुरुस्त करतोय."

"तोडली कुणी?"

यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "मीच."

झालं होतं असं, की यांनी ठरल्या वेळी लाइन तोडली, खाली उतरून माणसांची वाट पाहिली. माणसं आली नाहीत. मग सायकल मारत ऑफिसात गेले, तर तिथं कचेरीची तक्रार येऊन पडलेली. तिथल्या साहेबांनी म्हटलं, तूच जा, तुला तो खांब माहीत आहे. तेव्हा परत येऊन तीच तार हे जोडत बसले होते. मी म्हटलं, नीट जोडा, आणि आत गेले.

डोंगरातले ते चार-पाच म्हातारे तेवढे शब्दाला जागून पहाटेची एसटी धरून आले होते. उठाव होत नाही असं दिसल्यावर, आलोच आहोत तर म्हणून, ते आपापल्या रखडलेल्या कामांच्या रांगेत उभे राहिले होते. आणि आतल्या खोलीत, साहेबांच्या खुर्चीत, काळा कोट आणि कॅनव्हासचे बूट घालून आमचे मालक बसले होते.

साहेब दौऱ्यावर होते. मालक एकटेच आत शिरले, खुर्चीत बसले, आणि ते इतक्या बिनदिक्कत बसले की शिपायाला वाटलं, जिल्ह्याहून कुणीतरी तपासणीला आलंय. त्यानं चहा आणला. टेबलावर घडी घातलेलं माझं निशाण होतं. शिपायाला तो नवा टेबलक्लॉथ वाटला. त्यानं तो नीट अंथरला आणि निळ्या पट्ट्यावर कपबशी ठेवली. सकाळपासून माणसं येऊन गाऱ्हाणी सांगत होती आणि मालक प्रत्येकाला एकच सांगत होते, देऊन टाका म्हणावं, मी सांगितलंय. एक म्हातारी तर त्यांच्या बुटांना हात लावून गेली होती. शेवटी त्यांनीच उठून दारातल्या हवालदाराला सांगितलं, की मी ही कचेरी ताब्यात घेतली आहे. हवालदार म्हणाला, "बरं आजोबा. ऊन लई हाय, आत बसा." मग ते पुन्हा येऊन बसले.

खुर्चीशेजारी एक पिशवी होती. तिच्यात टॉवेल, धोतरजोडी आणि दम्याच्या गोळ्या होत्या. तुरुंगात जायची तयारी. मला पाहून त्यांनी विचारलं, माणसं आली का? मी म्हटलं, घरी चला. ते उठले. मी कपबशी बाजूला केली, निशाणाची घडी घातली, पिशवी उचलली, आणि आम्ही दोघं सरकारच्या बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. यांच्या नोकरीला धक्का लागला नाही, कारण झालेला उठाव कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

संध्याकाळी मी वर गेले. भांडायलाच गेले होते. पहिल्यांदा जिन्यावर माझ्या पायांचा आवाज येऊनही भजन सुरू झालं नाही. ते खाटेवर बसले होते आणि बूट काढून ठेवलेले होते. त्यांचे उघडे पाय मी तोवर पाहिले नव्हते. मी म्हटलं, तुमची माणसं का आली नाहीत ते मला ठाऊक आहे. माझ्या माहेरी आज यात्रा होती. पहिला गाडा त्यांना मिळाला.

त्यांनी पायानं बूट खाटेखाली सारले. मग विचारलं, "फुडला गाडा?"

"पुढचा."

"बैलं कुनाची व्हती?"

"त्यांचीच. दोन्ही पांढरी."

"चांगलं झालं," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. तो चेहरा मी चांगला ओळखत होते. दोन वर्षं रोज संध्याकाळी माझा तसाच व्हायचा. आपली माणसं दुसऱ्याच्या दारात आनंदात आहेत हे कळल्यावर होतो तो. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, आता कळलं ना कसं लागतं ते. आणि मी ते बोलूनही दाखवलं. म्हटलं, तुमची पन्नास गेली तर एवढं झालं, माझा एकच होता, तो तुम्ही दोन वर्षं इथं बसवून घेतला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पोरी, मी त्याला कवाच बोलावला न्हाई," ते म्हणाले. "उलट म्हनायचो, जा खाली, जेवायचं थांबली आसंल ती. त्यो म्हनायचा, बसू द्या आजून. खाली गेलो की मी नुसता खांबावरचा मानूस हाय, हितं मी कुनीतरी हाय."

भांडायला गेले होते त्या भांडणातली हवाच गेली. मी तिथंच पाटावर बसले. हे 'कुणीतरी' असणं मला तरी कुठं नको होतं? मी तर त्यासाठीच जळत होते. यांना ते वर मिळालं म्हणून हे गेले, आणि मला जिन्याखालीच ठेवलं म्हणून मी चिडले. मी मालकांना सरळ म्हटलं, मला सांगितलं असतं तर मी तारीख बदलायला लावली असती, निशाणाला दुहेरी टीप मारली असती, आणि पहिलवानाला आदल्या दिवशी घरातून बाहेर काढून आणला असता.

ते म्हणाले, "आसतं खरं." आणि थोड्या वेळानं, "मंग आज आमी समदे आत आसतो." मग माझ्याकडं बघून हसले. मीही हसले, डोळ्यांत पाणी असताना. खालून यांनी हाक मारली, काय चाललंय वर? आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

त्यानंतर हे आणि मी, दोघंही संध्याकाळी वर जायला लागलो. मंडळ फुटलं होतं. पहिलवान सणाला तेवढा येऊन पाया पडून जायचा, फेट्याचं नाव न काढता. पण मालकांचे बेत काही थांबले नाहीत. एकदा नाणेघाटात जाऊन पूर्वीसारखी जकात सुरू करायची होती. घाटघरपर्यंत माणसं कशी पोचवायची, डबे कोण करणार, त्या दिवशी कुणाच्या गावची यात्रा नाही ना, हे सगळं ते मला विचारायचे. आधी मला, मग यांना. हे बाजूला बसून ऐकत. खाली आल्यावर भांडी आपटल्यासारखं बोलत, की तुझंच ऐकतात हल्ली, आमची काय गरज? मी काही बोलायची नाही. मला इतकं बरं वाटायचं की बोलून ते घालवावंसं वाटायचं नाही.

दोन हजार साल उलटलं. मोबाइल आले, यांचे खांब एकेक करून मोकळे पडले. मालक थकले. खाटेवरून उठवेना तरी बूट उशाला लागायचे. एका पावसाळ्यात ते गेले. अग्नी यांनी दिला, दहावं-तेरावं यांनीच केलं, डोक्याचे केस काढले. घाटावर हे लहान मुलासारखे रडले. मी बाजूला उभी राहून पाहत होते आणि मनात आलं, माझ्यासाठी हा माणूस एवढा रडेल का? जळणारी बाई स्मशानातही जळते. त्याला इलाज नाही.

राख धरणात सोडायची होती, बुडालेल्या घरावर. तसं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नाव ठरवली. पहिलवान आला, आता मिशा पांढऱ्या झालेला, डोंगरातला एक म्हातारा आला, हे आणि मी. धरण भरलेलं, चहूकडं सारखंच पाणी. म्हातारा म्हणाला, त्या काठाला धरून. पहिलवान म्हणाला, छे, मधोमध. हे म्हणाले, मला त्यांनी एकदा दाखवलं होतं, त्या झाडीच्या समोर. नाववाला वल्ही थांबवून तिघांच्या तोंडाकडं बघत राहिला. मी डाव्या हाताचा सुळका आणि समोरची खिंड बघत बसले होते. सुळक्याच्या मागून खिंड अर्धी दिसायला लागली तेव्हा म्हटलं, अजून थोडं पुढं. मग खिंड पूर्ण दिसली.

"हितंच," मी म्हटलं. "दारात चिंच होती. उंबरा पूर्वेला."

पहिलवानानं चहूकडं पाहिलं आणि हळू म्हणाला, "व्हय. हितंच व्हती चिच." आणि त्यानं हात जोडले.

यांनी मडकं माझ्या हातात दिलं. मी वाकून राख सोडली. ती थोडा वेळ पाण्यावर पसरून राहिली, मग खाली जायला लागली. हे माझ्याकडंच बघत होते. "तुला हे कधी सांगितलं त्यांनी?" त्यांनी विचारलं. "मी तर रोज तिथंच असायचो."

मी रिकामं मडकं पाण्यात बुडवलं. परत येताना नावेत त्यांनी पुन्हा विचारलं, एसटीत विचारलं, घरी आल्यावर विचारलं. मी अजून सांगितलेलं नाही.